बेटावरच्या जागांची नावं : कानाला ऐकू येतं ते लिहायचं की नकाशावर छापलंय ते?

उत्तरवारा
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. प्रश्न थोडा आडवळणाचा आहे, पण इथे नकाशे, मोडी, शेतजमीन आणि रिकामा वेळ या चारही गोष्टींचे जाणकार आहेत म्हणून इथेच विचारते.

मी चार वर्षांपासून शेटलंडमध्ये राहते. स्कॉटलंडच्या डोक्यावर, नॉर्वेच्या वाटेवर जी बेटं दिसतात ती. वृद्धांच्या निवासात काम करते. तिथे एक आजोबा आहेत, जन्म फूला बेटावरचा. फूला म्हणजे मुख्य बेटापासून पश्चिमेला साधारण ३२ किलोमीटरवरचं एकटं बेट, क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर, आज वस्ती तीसेक माणसांची. वॉल्स नावाच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या विभागात) मोडतं. हवा चांगली असेल तर बोट वॉल्सहूनच सुटते. नसेल तर सुटत नाही, मग चार दिवस म्हणा, आठ दिवस म्हणा.

इथे गावोगावची जुनी नावं गोळा करायचं काम चालतं, स्वयंसेवक म्हाताऱ्या माणसांकडे नकाशा घेऊन बसतात. आजोबा बोलके, माझी त्यांच्याशी गट्टी, म्हणून मला कुणीतरी त्यात ढकललं. मैलाला सहा इंच प्रमाणाच्या नकाशाची मोठी प्रत, पेन्सिल आणि रेकॉर्डर घेऊन मी दर बुधवारी बसते. आतापर्यंत शंभरावर नावं झालीत. नकाशावर त्यातली निम्मीसुद्धा नाहीत. खडक, घळी, पाण्याचे झरे, पीट (जळणाची दलदलीतली माती) खणायच्या जागा, कोबीची रोपं वाढवायला बांधलेले दगडी वाफे (त्यांना प्लॅंटीक्रब म्हणतात), होडी ओढून ठेवायच्या खाचा, सगळ्याला नाव आहे.

अडचण अशी. जी नावं नकाशावर आहेत ती आजोबा वेगळीच उच्चारतात. आणि एका खडकाचं नाव त्यांनी दोन बुधवारी दोन तऱ्हांनी सांगितलं. मी विचारलं, नक्की कुठलं? म्हणाले, दोन्ही. आता मी लिहायचं काय? मला ना त्यांची जुनी भाषा येते, ना भाषाशास्त्र. (गोळा केलेली नावं इथे टाकत नाही, ती त्यांची आहेत. नकाशावरची चालतील.)

रिकामटेकडी
पहिली! वाचतेय. फूला नाव किती गोड आहे. फुलांचं बेट असणार.

उत्तरवारा
झाडच नाही गं एकही म्हणावं असं, फुलं कुठली. वारा इतका की कोबीलासुद्धा भिंत बांधावी लागते.

नकाशेबाज
फूला म्हणजे पक्ष्यांचं बेट. जुन्या नॉर्समध्ये 'फुग्ल' म्हणजे पक्षी आणि 'एय' म्हणजे बेट. शेटलंडची निम्म्याहून जास्त नावं अशी नॉर्सच आहेत. लेरविक म्हणजे चिखलाची खाडी. शेवटी विक, वो, नेस, सेटर, बिस्टर आलं की समजायचं नॉर्वेहून आलेल्या कुणीतरी ठेवलेलं आहे. बिस्टर म्हणजे वस्तीचं शेत, वो म्हणजे आत घुसलेली चिंचोळी खाडी.

ही बेटं स्कॉटलंडकडे आली तीच मुळात हुंड्यात. डेन्मार्क-नॉर्वेच्या पहिल्या क्रिस्टियनने मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला दिली, हुंड्याची रक्कम हातात नव्हती, म्हणून १४६८ साली ओर्कनी आणि १४६९ साली शेटलंड गहाण टाकली. शेटलंडचे ८,००० फ्लोरिन. ते कधीच सोडवले गेले नाहीत.

सदाशिवपेठी_नाही
म्हणजे मुंबईची थोरली बहीणच की. आपली १६६१ ची, त्यांची १४६९ ची. जावयाला बेट द्यायची पद्धत युरोपात जुनी दिसते. आमच्या सासऱ्यांनी स्कूटरवर भागवलं.

खडूस_आत्या
तुझ्या सासऱ्यांनी मुलगी दिली तेवढं पुरे होतं. मूळ प्रश्नावर या.

उत्तरवारा, मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, म्हणून सांगते. शुद्ध रूप एकच असतं. छापील नकाशा सरकारने तपासून केलेला आहे, तो प्रमाण धर आणि आजोबांचा उच्चार कंसात दे. नाहीतर उद्या प्रत्येक म्हाताऱ्याचं वेगळं नाव, कुणी काय शोधायचं?

नकाशेबाज
आत्या, नम्रपणे असहमत. तो नकाशा कसा तपासला गेला ते बघा.

ऑर्डनन्स सर्व्हेची (ब्रिटिश सरकारच्या नकाशे करणाऱ्या खात्याची) माणसं शेटलंडमध्ये १८७०च्या दशकाच्या अखेरीस आली. बहुतेक सैन्यातले इंजिनिअर, बाहेरगावचे. त्यांच्याकडे नामपुस्तकं असत. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात त्याच नावाची वेगवेगळी स्पेलिंगं, तिसऱ्यात ती स्पेलिंगं कुणी सांगितली त्याचं नाव, मग जागा, मग वर्णन. पद्धत चांगलीच होती, मी नावं ठेवत नाही. पण तिसऱ्या रकान्यात बहुधा कोण? जमीनदार, त्याचा कारभारी, पाद्री, शाळामास्तर. ज्याला लिहिता येतं तो. जो रोज त्या खडकावर गळ टाकून बसायचा त्याचं नाव क्वचित.

याचा परिणाम धागाकर्तीच्या पॅरिशच्या नावातच आहे. 'वॉल्स'. स्थानिक लोक काय म्हणतात, उत्तरवारा?

उत्तरवारा
वाझ! पहिल्या वर्षी मी बसवाल्याला 'वॉल्स' म्हटलं तर त्याने असं बघितलं की बस.

नकाशेबाज
बरोबर. मूळ नॉर्स 'वागार', म्हणजे खाड्या. लोकांच्या तोंडी घासून 'वाझ' झालं. स्कॉट्स बोलीत 'ऑल'चं 'आ' होतं, 'बॉल'चं 'बा' होतं. लिहिणाऱ्या शहाण्याने विचार केला, हे अडाणी लोक 'वॉल्स'ला 'वाझ' म्हणत असणार, आपण शुद्ध करून लिहू. झाल्या खाड्यांच्या भिंती. भिंत एक नाही तिथे, म्हणजे असेल, पण नावात नव्हती. हे शुद्ध रूप, आत्या.

खडूस_आत्या
हं. एक उदाहरण झालं.

मोडी_वाचक
दुसरं मी देतो. शेटलंडला १९७५ पर्यंत सरकारी नाव 'झेटलंड' होतं. जुन्या स्कॉट्समध्ये 'योख' नावाचं एक अक्षर होतं, उच्चार साधारण 'य' किंवा 'ह्य'सारखा. मूळ नाव 'ह्यल्तलंड'. छपाई आली तेव्हा छापखान्यांत हा खिळा नव्हता, दिसायला 'झेड'सारखा म्हणून झेड ठोकला. एका खिळ्यापायी आख्ख्या काउंटीचं नाव बदललं.

आपल्याकडे हसू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत. जुन्या कागदात गावाचं नाव आलं की ते 'शिरगाव' की 'शीरगाव', आणि मागच्या शब्दाचं शेपूट त्याला चिकटलंय का, हे त्या गावात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. मी एकदा दोन दिवस एक गाव शोधत होतो, ते गाव नव्हतंच, 'मौजे'चा 'जे' होता.

रिकामटेकडी
😂 'मौजे'चा जे!

चोडणकर
गोंयच्या लोकांना हे रोजचंच. चोडणचं 'शोरांव', डिचोलीचं 'बिचोलिम', साखळीचं 'सांकेलिम'. पोर्तुगीज शेवटचा 'म' अनुनासिकासाठी लिहायचे, 'डिचोलीं'मधला अनुस्वार. इंग्रजी वाचणाऱ्याने तो ओठ मिटून वाचला. आता दिल्लीहून आलेला पर्यटक 'बिचोलिम'ची बस कुठे लागते असं विचारतो आणि कंडक्टरही त्याच भाषेत सांगतो. दोन पिढ्यांनी तेच खरं होईल.

वसईची_व्हिक्टोरिया
अवांतर नाही, मुद्द्याचंच. पॅरिशला आमच्या वसईत सरळ 'धर्मग्राम' म्हणतात, तो शब्द वापरायला हरकत नाही. आणि धर्मग्राम म्हटलं की नोंदवह्या आल्या. आमच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीत माझ्या पणजोबांच्या नावापुढे आळीचं जे नाव आहे ते आज कुणालाच माहीत नाही. आजी गेली तेव्हा मी बारा वर्षांची, विचारायचं राहिलं. वहीत नाव आहे, जागा हरवली. तुझ्याकडे आजोबा आहेत तोवर उलटं कर, जागेवर बोट ठेवून घे. नाव काय, ते नंतर कुणीतरी लावेल.

उत्तरवारा
धर्मग्राम, वा. इथेही जुन्या नोंदवह्यांत माणसाच्या नावापुढे घराचं किंवा वाडीचं नाव असतं. आडनावं मोजकीच, त्यामुळे आजही माणूस ओळखतात ते घराच्या नावाने. आजोबांना कुणी आडनावाने हाक मारलेली मी ऐकली नाही.

बांदेकार_बाय
माका एक सांगा, तीस माणसां नि शेकड्यांनी नावां? आमच्या हय चारशे माणसां नि वाडीचा नाव एकच, 'खालची वाडी'. वरच्या वाडीयेक पन आमी खालचीच म्हनतो, भांडान लावूक बरां.

प्रश्नचिन्ह
मला प्रामाणिकपणे कळत नाही, एवढा खटाटोप कशाला? तीस माणसं, तीही कमी होत जाणार. प्रत्येक खडकाला जीपीएस आकडा आहे. नाव जाऊन भाषेचं काय नुकसान होतं? माझ्या गावच्या शेतांना नावं होती, आता गट नंबर आहेत, पीक तेवढंच येतं.

तलाठ्याचा_नातू
पीक तेवढंच येतं, भांडणं जास्त येतात.

आजोबा तलाठी होते, त्यांच्या तोंडून ऐकलेलं. १९४७च्या तुकडेजोड-तुकडेबंदी कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कागदावर काम नीट झालं. पण गावात कुणीही 'गट नंबर दोनशे बारामध्ये बैल सोडले' असं म्हणत नव्हतं. 'बाभळीच्या पट्टीत', 'थोरल्या तालीत', 'म्हसोबाच्या वावरात'. वाटणीच्या खटल्यात साक्षीदार नाव सांगणार, वकील नंबर विचारणार, आणि दोघांची गाठ पडेपर्यंत तारीख पुढे जाणार. आमच्याकडे एका शेताला 'विहिरीचं' म्हणतात. तिथे विहीर नाही. खणायला घेतली तेव्हा अडीच पुरुष खाली जुनं चिरेबंदी बांधकाम लागलं. नाव खरं होतं, आम्हीच विसरलो होतो.

नंबरातून विहीर निघत नाही.

प्रश्नचिन्ह
बरं, विहिरीला एक गुण दिला.

गलबत
समुद्रावरचा अनुभव. आमचं घराणं मासेमारीचं, रत्नागिरीकडचं. वडील जाळं कुठे टाकायचं ते किनाऱ्यावरच्या दोन जोड्या जुळवून ठरवायचे. देवळाचा कळस डोंगराच्या खाचेत आला, आणि दुसरीकडे नारळाचं उंच झाड कौलारू घरावर आलं, की दोन रेघा छेदतात तिथे जागा. त्या जागेला नाव असायचं, नकाशात ते पाणीच, निळं. मग कळसाच्या पुढे इमारत उठली, झाड पडलं. माझ्या भावाकडे आता जीपीएस आहे, तो जास्त मासे आणतो, खोटं कशाला बोलू. पण वडिलांच्या जागा कुठल्या ते त्याला सांगता येत नाही, मलाही नाही. शेटलंडवाले असलं काही करतात का?

उत्तरवारा
गलबत, अंगावर काटा आला. इथे त्याला 'मीड' म्हणतात, अगदी हेच, दोन जोड्या. पूर्वी सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्यांतून किनारा बुडेपर्यंत लांब जायचे, त्या दूरच्या मासेमारीला 'हाफ' म्हणायचे. जुलै १८८१च्या एका वादळात दहा होड्या गेल्या, ५८ माणसं, त्यातली बरीच येल बेटाच्या उत्तर टोकाची. हाफच्या जागा, मीड, सगळं तोंडीच चालायचं. आजोबांनी सांगितलेल्या नावांत चारपाच अशी आहेत की मी विचारलं कुठे, तर त्यांनी बोट नकाशाच्या कडेबाहेर टेबलावर ठेवलं. टेबलावरची नोंद कशी करायची हाही प्रश्नच आहे.

सदाशिवपेठी_नाही
टेबल जपून ठेव.

नकाशेबाज
मीडच्या ओळींवर दोन्ही टोकांची नावं लिही, म्हणजे छेद आपोआप मिळेल. तारीख आणि किनाऱ्यावरची खूण आज आहे का हेही.

प्रश्नचिन्ह, फूलाच्या पूर्वेला शाल्ड्स नावाचा बुडीत खडक आहे. ८ सप्टेंबर १९१४ रोजी 'ओशनिक' नावाचं सतरा हजार टनी जहाज, एकेकाळी अटलांटिकवरची शान, त्यावर जाऊन बसलं. समुद्र शांत, हवा स्वच्छ. बेटावरच्या पोरांनाही ठाऊक असलेला खडक. स्थानिक नावांचं ज्ञान इतकं फुकट नसतं.

गलबत
नकाशेबाज, तुमच्याशी सहसा भांडत नाही, पण हे उदाहरण चुकीचं लावताय. तो खडक तक्त्यावर होता. चुकला तो जहाजाचा स्वतःच्या जागेचा हिशेब, त्यांना वाटत होतं आपण भलतीकडेच आहोत. खडकाचं नाव माहीत असून उपयोग नसतो, आपण कुठे आहोत ते माहीत नसेल तर.

नकाशेबाज
मान्य. घाईत लिहिलं. सुदैवाने माणसं सगळी वाचली एवढं जोडतो.

व्युत्पत्तीभूषण
उत्तरवारा ताई, नावांची यादी दिल्यास मी अर्थ लावून देऊ शकेन. नॉर्स ही शेवटी आपलीच भगिनी. फूलाचा सर्वांत उंच डोंगर 'डा स्न्यूग' आहे असे दिसते. 'स्न्यूग' हा संस्कृत 'सानु' (पर्वतशिखर) चाच अपभ्रंश असावा. आणि 'डा केम' हा कडा म्हणजे 'काम' देवाचे...

सदाशिवपेठी_नाही
आलं. गाडी आली.

खडूस_आत्या
भूषणराव, 'डा' म्हणजे त्यांच्या बोलीतलं 'द'. 'केम' म्हणजे कंगवा असेल, डोंगराची दातेरी धार. तुमचा मदन तिथे थंडीने मरेल.

मोडी_वाचक
गंमत सोडा, पण यात खरा धोका आहे. अर्थ सुचला की कान बंद होतो. आपल्याकडे लेणं दिसलं की पांडवांचं, दोन खड्डे दिसले की भीमाच्या पावलांचे. आणि वर रिकामटेकडी ताईंनी फूला वाचल्या वाचल्या फुलं लावली. नोंद करणाऱ्याने अर्थाचा रकाना रिकामा ठेवावा. सांगणारा स्वतः अर्थ सांगत असेल तर 'सांगणाऱ्याच्या मते' म्हणून लिहावा, तोही ऐवजच आहे.

तुम्हाला भाषा येत नाही ही अडचण मानू नका. १७७४ साली जॉर्ज लो नावाचा गृहस्थ याच फूलावर गेला. तेव्हा तिथली जुनी नॉर्न भाषा मरणपंथाला लागलेली होती. विल्यम हेन्री नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून त्याने ३५ कडव्यांचं एक गीत उतरवून घेतलं. लोला त्या भाषेचा शब्द कळत नव्हता. जे ऐकलं ते इंग्रजी-स्कॉट्स स्पेलिंगात, जमेल तसं. शब्द कुठे तुटतो तेही माहीत नाही. त्याचं प्रवासवर्णन छापायलाच १८७९ उजाडलं. मग १९०० साली मारियुस हेगस्ताद या नॉर्वेच्या अभ्यासकाने त्यावरून गीत उलगडलं. नॉर्नमधला सलग म्हणावा असा सर्वांत मोठा मजकूर आज हाच आहे. लोला थोडीशी नॉर्वेजियन येत असती तर त्याने 'सुधारून' लिहिलं असतं आणि हेगस्तादच्या हाती लोच्या चुका लागल्या असत्या, हेन्रीचा आवाज नाही.

खडूस_आत्या
हे मला माहीत नव्हतं. वेगळा धागा काढा या गीतावर.

उत्तरवारा
मलाही नव्हतं, आणि मी तिथे राहते! बुधवारी आजोबांना विचारते.

नकाशेबाज
आणि लोनंतर १८९३ ते ९५ याकोब याकोबसेन फिरला, फॅरो बेटांवरचा. त्याची मातृभाषा नॉर्नची जवळची नातेवाईक, त्यामुळे त्याला अर्थ लागत होते. नॉर्न तोवर संपली होती, पण बोलीत शब्द उरलेले. त्याने दहा हजारांच्या घरात गोळा केले, जागांच्या नावांवर वेगळं पुस्तक लिहिलं. म्हणजे दोन्ही तऱ्हेची माणसं लागतात. पण क्रम बघा. आधी अडाणी लो, मग शहाणा याकोबसेन.

रिकामटेकडी
एक बावळट सूचना. ताई, देवनागरीत लिही ना! आपल्याकडे ट-त, ड-द वेगळे, अॅ-ऑ आहेत. इंग्रजी स्पेलिंगपेक्षा बरं.

उत्तरवारा
बावळट नाही गं, माझी कच्ची वही देवनागरीतच आहे! आजोबांना फार आवडते, स्वतःच्या बेटाची नावं 'कपडे वाळत घातल्यासारखी' दिसतात म्हणे. पण पुरत नाही. ओठांचा चंबू करून 'ए' म्हणायचा एक स्वर आहे त्यांच्यात, त्याला मी 'ए'वर टोपी काढते. ठरलेल्या नोंदीसाठी रेकॉर्डिंगच खरं.

जर्मनीचा_काका
तो आमचा ओ-उमलाउट. टोपी नको, दोन टिंबं दे.

आयर्लंडहून
अजून एक बाजू. 'मूळ नाव' म्हणून सरकारने वरून लादलं तरी लोक बिथरतात. इथे केरी काउंटीतलं डिंगल. आयरिशभाषी पट्ट्यातलं गाव म्हणून २००५ साली लागू झालेल्या सरकारी आदेशाने त्याचं अधिकृत नाव फक्त 'अन दँगन' झालं. गावकरी चिडले, पाट्यांवर रंग फासला. २००६ साली गावात मतदान, १,००५ विरुद्ध ७०, आम्हाला डिंगल आणि 'दँगन इ खूश' दोन्ही हवीत. २०११ साली कायद्याने तसं झालं. आयरिश बोलणारेही त्यात होते. त्यांचं म्हणणं, जे नाव आम्ही वापरतो ते आमचं, मग ते कुठल्या का भाषेतलं असेना.

त्यामुळे नकाशावरचं नाव चूक आणि आजोबांचं बरोबर असाही कौल देऊ नका. 'वॉल्स' आता पाटीवर आहे.

खडूस_आत्या
माझा कंस इतका वाईट नव्हता तर.

तलाठ्याचा_नातू
आत्या, तुमचा कंस फक्त उलटा करायचा. 😄

एक व्यवहाराची गोष्ट: दर नावापुढे सांगणारा कोण, त्याने ते कुणाकडून ऐकलं, आणि तो स्वतः त्या जागी कशाला जायचा हे लिहा. आजोबा म्हणायचे, मेंढरं नेणाऱ्याची आणि लाकूड आणणाऱ्याची शीव वेगळी असते.

गलबत
आणि बायकांना विचारलंत का? पाण्याच्या, धुण्याच्या, सरपणाच्या जागा त्यांनाच माहीत.

उत्तरवारा
गलबत, तलाठ्याचा नातू, तुमच्या दोघांच्या या दोन ओळी मी बुधवारी कागदावर लिहून नेल्या होत्या, आणि त्यातूनच गाठ सुटली. सविस्तर सांगते.

त्या दोन नावांच्या खडकाबद्दल या वेळी 'नाव काय' असं विचारलंच नाही. विचारलं, हे नाव कोण म्हणायचं? म्हणाले, आई. आणि ते दुसरं? बाबा, पण होडीत बसल्यावर. घरी आले की बाबासुद्धा आईचंच नाव घ्यायचे.

मग त्यांनी हाफचा नेम समजावला. समुद्रावर काही शब्द तोंडातून काढायचे नाहीत, अपशकुन. पाद्री म्हणायचं नाही, 'अपस्टँडर' म्हणायचं, उभा राहणारा. चर्च म्हणायचं नाही, 'बेनिहूस', प्रार्थनेचं घर. त्यातले पुष्कळ शब्द जुन्या नॉर्नचेच, जमिनीवर मेलेले आणि होडीत जिवंत राहिलेले. त्यांच्या घराण्यात त्या खडकालाही असंच एक होडीतलं नाव होतं. शिवाय होडीतून त्याची पलीकडची बाजू दिसते, जमिनीवरून कधीच दिसत नाही ती, म्हणजे आकारही वेगळा. मी लग्नाच्या मुलीसारखी मान खाली घालून दोन्ही लिहून घेतली, दोन स्वतंत्र नोंदी, एकीपुढे 'आई, जमिनीवरून', दुसरीपुढे 'वडील, होडीतून'.

मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, मालवतात. रात्री साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. म्हातारे इतके खूश झाले की 'लांबडं' तीनदा म्हणून बघितलं. 'ळ' नाही याचं मला हायसं वाटलं.

लोच्या गीताचं विचारलं, तर म्हणाले, तो माणूस पावसात आला असणार, नाहीतर हेन्री शेत सोडून इतका वेळ बसला नसता.

वसईची_व्हिक्टोरिया
डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

प्रश्नचिन्ह
अजून एक गुण दिला. पाद्रीचं नाव का नको पण?

उत्तरवारा
मीही विचारलं. म्हणाले, "त्याला समुद्रातलं काय कळतं."

बांदेकार_बाय
ह्यां मात्र आमच्या हयसारख्याच.

मोडी_वाचक
फूलावर नाताळ ६ जानेवारीला आणि नवं वर्ष १३ला, जुन्या ज्युलियन पंचांगाने, हे खरं का?

उत्तरवारा
खरं आहे. यूल सहाला, न्यूअरडे तेराला. आजोबा निवासातसुद्धा २५ डिसेंबरला जेवण जेवतात पण शुभेच्छा घेत नाहीत. सहाला मी त्यांना दिल्या, तेव्हा कुठे हात पुढे केला.

तलाठ्याचा_नातू
धागा वाचून काल आईला गावी फोन लावला. म्हटलं, आपल्या शिवारातल्या शेतांची नावं सांग, मी लिहून घेतो, आणि प्रत्येक नाव कोण म्हणायचं तेही सांग. सतरा नावं सांगितली. त्यातली नऊ मी कधी ऐकलेली नव्हती. अठराव्याला थांबली आणि म्हणाली, ते आपलं नाही, चुलत्यांनी दाबलंय, त्याचं नाव फोनवर नाही सांगत, दूध उतू जातंय, ठेव.